‘आमच्यात लेकरं अशीच मोठी होतात’ म्हणणाऱ्या आईला काय सांगायचं?

वाचकाचं पत्र : मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळी उरकली की माझा निम्मा वर्ग रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर लेकरंही जातात. यंदा पाचवीतली दहा वर्षांची एक मुलगी जाणार आहे. घरात दीड वर्षाचा भाऊ आहे आणि उसाच्या फडावर त्याला सांभाळायला कोणी नाही. तिच्या आईशी बोलले तर ती म्हणाली, ‘मॅडम, आमच्यात लेकरं अशीच मोठी होतात. मीबी अशीच झाले.’ मी बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. बालपण समाज घडवतो, प्रत्येक समाजाचं बालपण वेगळं असतं, असं अभ्यासक्रमात वाचलं आणि तेव्हापासून जीभ अडखळायला लागली. त्यांचं बालपण नुसतं वेगळं असेल, तर शाळेचा हट्ट धरणारी मी कोण? दुसरं असं की याच विषयावर मला प्रकल्प करायचा आहे. माझ्याच वर्गातल्या मुलांशी बोलून तो नीट कसा करू? आणि त्या आईला काय सांगू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार, ताई.

तुम्ही वाचलेल्या त्या वाक्यात दोन विधानं एकमेकांत मिसळली आहेत. ती आधी वेगळी करू.

मूल जन्मतः दुबळं असतं, त्याला दूध, ऊब आणि माणूस लागतं, ते हळूहळू वाढतं, हे जगभर सारखंच आहे. मात्र सातव्या वर्षी मुलाच्या हातात पाटी द्यायची की शेळ्यांची काठी, दहाव्या वर्षी ते जबाबदार धरायचं की अजाण, कोणत्या वयाला लग्न आणि कोणत्या वयाला मत, हे समाज ठरवतो. ते काळानुसार, जातीनुसार, वर्गानुसार आणि मुलगा की मुलगी यानुसार बदलतं. समाजशास्त्राचा दावा एवढाच आहे आणि त्याला भरपूर आधार आहे. ‘म्हणून सगळी बालपणं सारखीच बरी’ हे दुसरं विधान त्यातून निघत नाही. अॅलिसन जेम्स आणि अॅलन प्राउट यांनी १९९० साली बालपणाच्या अभ्यासाची नवी चौकट मांडली. तीत ‘बालपण घडवलेलं असतं’ याच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट आहे : बालपण कधीही वर्ग, लिंग आणि वंश यांपासून सुटं करून पाहता येत नाही. म्हणजे मूल कसं वाढतं हे पाहताना ते तसं का वाढतं आणि त्याचा भार कोण उचलतं, हेही पाहायचं. तुमच्या पुस्तकात पहिला मुद्दा ठळक छापला असेल, पण दुसरा तितकाच महत्त्वाचा आहे.

फिलिप एरिएस या फ्रेंच इतिहासकाराचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात नक्की असेल. मध्ययुगीन युरोपात बालपणाची कल्पनाच नव्हती, असं त्याने १९६० साली मांडलं. त्यासाठी त्याने जुनी चित्रं, पोशाख, खेळ आणि शाळांचे दाखले घेतले. परीक्षेत हे नाव लिहा, पण त्याचं मत अंतिम म्हणून लिहू नका. लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये शेकडो जुन्या रोजनिशा आणि आत्मचरित्रं तपासून दाखवलं की त्या काळातल्या आईबापांनाही मुलांचा लळा होता, मूल गेल्याचं दुःख होतं. बदलली ती माया नाही. मुलाकडून समाजाची जी अपेक्षा असते, ती बदलली. ‘पूर्वीच्या लोकांना मुलांची किंमत नव्हती’ असं वाक्य प्रकल्पात आलं तर खोडून टाका. ‘या लोकांना मुलांची किंमत नाही’ हे तर कुठेच येता कामा नये. ती आई दीड वर्षाच्या बाळाच्या जिवासाठीच मुलीला नेते आहे.

आता आपल्याकडचेच आकडे पाहा, कारण ‘घडवलेलं’ म्हणजे काय ते त्यांतून सगळ्यात स्वच्छ दिसतं. १८८१ साली देशात पहिला कारखाना कायदा झाला तेव्हा सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी आली, पण सात ते बारा वयाच्या मुलाने रोज नऊ तास काम करणं कायदेशीर होतं. १८९१ साली किमान वय नऊ झालं आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास ठरले. १९२२ साली किमान वय बारा झालं आणि पंधरापर्यंत सहा तास. शाळेच्या बाजूनेही असंच झालं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोखल्यांनी १९११ साली मांडलेलं विधेयक सहा ते दहा वयाच्या मुलांपुरतंच होतं, तेही मंजूर झालं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशभरासाठी सहा ते चौदा वयाचा हक्क घटनेत आला २००२ साली आणि कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मुलीच्या लग्नाचं वय १९२९ च्या शारदा कायद्यात चौदा होतं, १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झालं.

यातला एकही आकडा आपोआप हलला नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालंच की आमच्यात असंच असतं, मजुराला मुलांची कमाई लागते, मुलगी मोठी झाली की घरात ठेवता येत नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणीतरी आग्रह धरला. तेव्हा ताई, बालपण घडवलेलं आहे हे वाक्य तुमच्या विरोधात जात नाही. घडवलेलं आहे म्हणूनच ते बदलता येतं. तुम्ही आज जो आग्रह धरता आहात तोही या घडवण्याचाच भाग आहे.

राहिलं ते ‘आमच्यात अशीच’. त्या आईला खोटं पाडायचं नाही, पण तुम्ही अभ्यासक म्हणून विचारायला हवं, ‘अशीच’ म्हणजे केव्हापासून? सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली १९५० च्या सुमारास, प्रवरानगरपासून. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून एवढ्या मोठ्या संख्येने टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायला लागल्या त्या मुख्यतः १९७२ च्या दुष्काळानंतर. म्हणजे फडावरचं बालपण ही परंपरा नाही, ते फार तर दोन-तीन पिढ्यांचं आहे. ज्या पन्नास-साठ वर्षांत राज्याच्या एका भागातल्या मुलांच्या वाट्याला कारखान्याच्या पैशातून हायस्कूलं आणि कॉलेजं आली, त्याच वर्षांत दुसऱ्या भागातल्या मुलांच्या वाट्याला कोपी, म्हणजे तळावरची तात्पुरती झोपडी आली. दोन्ही बालपणं एकाच उसातून घडली आहेत. ‘वेगळा समाज, वेगळं बालपण’ म्हणून तुम्ही हात जोडून बाजूला झालात, तर नेमका हा धागा सुटतो. प्रकल्पाचा गाभा मी तुमच्या जागी असते तर इथेच ठेवला असता.

मुलीचं काम दिसत का नाही, हेही याच धाग्याला लागून आहे. टोळीत हिशेब कोयत्याने होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर आणि मजुरीतून ती फिटते टनावर. या हिशेबात दहा वर्षांच्या मुलीला जागाच नाही. पण ती बाळाला धरून बसते म्हणून आई पूर्ण दिवस ऊस तोडू शकते. ती पाणी भरते, चूल पेटवते, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते. तिच्या तासांमुळे आईबापाचे टन वाढतात, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. ओल्गा न्यूवेनहाउस यांनी केरळच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार-काथ्या कामगारांच्या गावात मुलांच्या कामाचा अभ्यास केला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात हेच दिसतं. मुलं, त्यातही मुली, जे घरासाठी करतात ते ‘मदत’ म्हणून मोजलं जातं आणि म्हणूनच ते फुकट मिळत राहतं. हा अभ्यास मिळवून वाचा. परदेशी शहरांवरच्या दहा प्रकरणांपेक्षा तुम्हाला त्याचा उपयोग जास्त होईल.

कायदाही इथे अर्धवट पाहतो. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली, पण स्वतःच्या कुटुंबाला किंवा कौटुंबिक उद्योगाला शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत मदत करायची मोकळीक राहिली, काम धोक्याचं नसेल तर. बाळ सांभाळणं या मोकळिकीत बसवलं जातं. पण अट नीट वाचा, ‘शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत’. पाच-सहा महिने शाळेचं तोंडच न पाहणारी मुलगी त्या अटीत कशी बसेल? हा प्रश्न प्रकल्पात जरूर मांडा.

आता प्रकल्प कसा करायचा ते सविस्तर सांगते.

मुलं निवडताना फक्त जाणारी मुलं घेऊ नका. बहुतेक प्रकल्प इथेच फसतात, कारण मग तुलना करायला काही उरत नाही. चार गट करा : आईबापाबरोबर जाणारी, आजीआजोबांकडे मागे राहणारी, हंगामी वसतिगृहात राहणारी, आणि ज्यांचं घर स्थलांतर करतच नाही अशी. प्रत्येक गटात तीन मुलं, एकूण बारा. शक्य असेल तिथे प्रत्येक गटात मुलगे आणि मुली दोन्ही हवेत. एम.ए. च्या प्रकल्पाला बारा पुरेत. तीस मुलांची वरवरची प्रश्नावली भरण्यापेक्षा बारा मुलांचे दिवस नीट उतरवलेले कधीही चांगले.

प्रत्येक मुलाशी तीन वेळा बोला. एकदा टोळी निघण्याआधी, एकदा हंगाम चालू असताना, एकदा परत आल्यावर. मधली फेरी अवघड आहे, पण मजुरांच्या एका तळावर एक शनिवार-रविवार जाता आलं तरी चालेल. तेही जमलं नाही तर फोनवर, पण मग फोन बापाच्या हातात असतो आणि मूल त्याच्या देखत बोलतं, हे अहवालात लिहायचं.

मुलांना ‘तू काम करतेस का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ येईल. त्यांच्या लेखी काम म्हणजे कोयता धरणं. कालचा दिवस उलगडून घ्या : जाग कशाने आली, उठल्यावर पहिलं काय केलं, मग, मग. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळवापराची देशव्यापी पाहणी केली, तीत सहा वर्षांपुढच्या सगळ्यांचा दिवस पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा अर्ध्या-अर्ध्या तासाने उतरवला होता. तुम्ही तोच साचा वापरा, ४८ रकाने. पहाटे चारची सुरुवात तुमच्या कामाला फार सोयीची आहे, कारण फडावरचा दिवस तेव्हाच सुरू होतो. मुलांना घड्याळाची वेळ सांगता येत नाही म्हणून खुणा धरा : आई फडात गेली तेव्हा, कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा, ऊन डोक्यावर आलं तेव्हा, गाडी भरायला आली तेव्हा. या खुणांच्या साधारण वेळा आधी मोठ्यांकडून लिहून घ्या.

प्रत्येक रकान्याला दोन ओळी ठेवा, मुख्य आणि सोबत. हे फार महत्त्वाचं आहे. मुलगी सागरगोटे खेळत असते आणि बाळ तिच्या मांडीवर असतं. एकच ओळ असेल तर तुम्ही ‘खेळ’ लिहाल आणि अख्खी दुपार खेळात गेली असं दिसेल. मुलांच्या आयुष्यात काम आणि खेळ असे सुटे नसतात, शेळ्या राखताना विटीदांडू चालतो. दोन ओळींमुळे ते मिसळलेपण जसंच्या तसं कागदावर येतं, आणि मुलगा-मुलगी यांच्यातला फरकही बहुधा याच दुसऱ्या ओळीत सापडतो. बेरीज करताना मात्र दोन ओळी एकत्र मिळवू नका, दिवस २४ तासांच्या पुढे जाईल. मुख्य ओळीची बेरीज वेगळी, बाळ सोबत असल्याच्या तासांची वेगळी.

शेवटी पडताळा म्हणून २४ खडे द्या, एक खडा म्हणजे एक तास. जमिनीवर झोप, काम, खेळ, शाळा-अभ्यास, खाणं-आंघोळ अशी वर्तुळं आखा आणि कालच्या दिवसाचे खडे वाटायला सांगा. खडे आणि रकाने जुळले नाहीत तर खोडाखोड करू नका, ‘इथे जास्त का ठेवलेस?’ एवढंच विचारा. मूल स्वतःच्या दिवसाकडे कसं पाहतं ते तिथे कळतं.

परत आलेल्या मुलांना ‘तिकडे दिवस कसे गेले?’ विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच येईल, ‘चांगले’ किंवा ‘लई थंडी होती’. महिन्यांपूर्वीचं सरसकट आठवून सांगणं मोठ्यांनाही जमत नाही. एखादा ठरावीक दिवस धरा : निघण्याच्या आदला दिवस, रात्री गाडी भरायला उठावं लागलं तो दिवस, बाळ आजारी पडलं तो दिवस. बाजाराचा दिवस आणि रविवार वेगळा नोंदवा, नाहीतर एका सुट्टीच्या दिवसावरून आठवडा ठरतो.

तुमची खरी अडचण मात्र तुम्ही शिक्षिका आहात ही आहे. मूल तुम्हाला बरोबर वाटेल ते उत्तर देईल. शाळा आवडते, अभ्यास करते, टीव्ही बघत नाही. वर्गात, बाकावर, हजेरीपट समोर ठेवून बोलू नका. अंगणात, ओट्यावर, त्यांच्या उंचीवर बसून बोला आणि एका वेळी चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. चारेक मुलांशी शाळेबाहेरच्या एखाद्या ताईने बोलावं आणि तुम्ही उत्तरं ताडून पाहावीत. फरक आला तर तो लपवू नका, तोच तुमच्या पद्धतीवरचा सगळ्यात प्रामाणिक परिच्छेद ठरेल.

संमती दोघांची घ्या, पालकांची आणि मुलाची. आई हो म्हणाली आणि मुलगी गप्प बसली, तर ती संमती नव्हे. मधेच उठून जायची मोकळीक आहे हे पहिल्यांदाच सांगा आणि ती खरोखर द्या. ‘तू सांगशील ते कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कानावर आली तर पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगा, ‘तुला कोणी इजा करत असेल तर मदतीसाठी मला दुसऱ्याला सांगावं लागेल, बाकीचं आपल्यातच राहील.’ १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर तुमच्याकडे आणि मुलांकडेही असू द्या. उचलीचे आकडे मुकादमासमोर विचारू नका, त्याचा त्रास घराला होतो. नावं बदलली म्हणजे झालं असंही समजू नका. वाडी, इयत्ता आणि ‘दीड वर्षाचा भाऊ’ एवढ्यावरून गावात कोणीही मुलगी ओळखेल. तुमच्या पत्रातले असे तपशील इथे छापताना बदलले आहेत, तुम्हीही बदला.

याशिवाय तुमच्या हातात एक दस्तऐवज आहे जो बाहेरच्या संशोधकाला सहज मिळत नाही, शाळेचा हजेरीपट. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मागच्या पाच वर्षांचे हजेरीपट काढा. दरवर्षी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सलग गैरहजर असलेली मुलं इयत्तेनुसार आणि मुलगा-मुलगी असं वेगळं करून मोजा. पहिलीत दोघं सारखेच जात असतील आणि चौथी-पाचवीपासून मुलींचा आकडा वर जात असेल, तर मुलगी ‘सांभाळण्याजोगी’ राहत नाही आणि ‘सांभाळणारी’ होते ते वय तुम्हाला आकड्यात सापडेल. एकाच घरातला मुलगा वसतिगृहात आणि मुलगी फडावर अशी जोडी किती घरांत आहे, तेही मोजा.

तत्त्वाच्या भागात व्हिव्हियाना झेलायझर यांना थोडी जास्त जागा द्या. १८७० ते १९३० या काळात अमेरिकेत मुलाचं मोल कसं बदललं हे त्यांनी दाखवलं, १९८५ साली. आधी अपघातात मूल दगावलं तर न्यायालय त्याची बुडालेली कमाई मोजून भरपाई ठरवत असे. पुढे मुलं कमावेनाशी झाली, तशी भावनिक दृष्ट्या अमोल ठरली आणि भरपाई वाढली. हा बदल तुमच्या वाडीत एकाच घरात अर्धवट झालेला दिसू शकतो, धाकट्यासाठी इंग्रजी शाळेची चौकशी आणि थोरलीसाठी फड. अॅनेट लारो यांचा २००३ चा अभ्यासही वाचा, मध्यमवर्गीय आईबाप मुलांचे तास आखून देतात आणि कष्टकरी घरात मुलं मोकळी वाढतात, असा. पण तो अमेरिकेतल्या कुटुंबांचा आहे. फडावरच्या मुलांना ‘मोकळी वाढणारी’ म्हणून त्यात बसवू नका, त्यांचा दिवस त्या मोकळ्या मुलांसारखा नाही.

मुलांचं ऐकायचं म्हणजे मुलं म्हणतील तेच ठरवायचं का, असा प्रश्न तोंडी परीक्षेत येईल. बोलिव्हियाचं उदाहरण द्या. तिथे काम करणाऱ्या मुलांच्या संघटनांनी कामाचा हक्क मागितला आणि २०१४ च्या कायद्याने काही अटींवर दहाव्या वर्षापासून कामाला वाट दिली. नंतर तिथल्या घटना न्यायालयाने ते रद्द ठरवलं आणि २०१८ मध्ये कायदा बदलून किमान वय पुन्हा चौदावर आणलं गेलं. मुलांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही ते आहे आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला. पण ज्या पर्यायांतून मूल निवडतं, ते मोठ्यांनी आखलेले असतात. ‘मला बाळाबरोबर जायचंय’ असं तुमची विद्यार्थिनी म्हणाली, तर ते खरं असेल. ते लिहा, आणि दुसरा पर्याय तिच्यासमोर होता का तेही लिहा.

आणि एक विनंती, ‘हरवलेलं बालपण’ असं शीर्षक देऊ नका. ही मुलं ऊन-थंडीत बाळ जगवतात, परक्या मुलखात भाषा उचलतात, हिशेब करतात. त्यांच्यावर अन्याय होतो आहे हे सांगण्यासाठी त्यांना रिकामं दाखवायची गरज नाही.

त्या आईशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका. बाळापासून करा. तिची अडचण शाळा ही नाहीच. तिला विचारा, ‘बाळाची सोय झाली तर थोरलीला ठेवाल का?’ बाळ अंगावरचं दूध पीत असेल तर ते आईबरोबर जाणारच. मग त्याच टोळीतल्या चार-पाच घरांची अशीच लहान लेकरं एकत्र सांभाळायला एखादी म्हातारी आजी बरोबर नेता येईल का, तिचं खाणं आणि थोडे पैसे सगळ्या कोयत्यांत वाटून घेता येतील का, हे टोळीतल्या बायकांसमोर मांडा. एकट्या घराला न परवडणारं पाच घरांना परवडू शकतं. बाळाचं दूध सुटलं असेल आणि गावी धडधाकट आजी असेल, तर बाळ मागे ठेवून अंगणवाडीत नाव घालता येतं, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार तिथून मिळतो. कारखान्याच्या तळावर पाळणाघर हवं ही मागणी पंचायत समितीकडे आणि महिला बालविकास विभागाकडे लेखी करा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांची पाळणाघरं बसतात. या हंगामात ते होईलच असं नाही, पण लेखी मागणी नसेल तर कधीच होणार नाही.

मुलगी राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीतून वेळेत गेला पाहिजे. उशीर इथेच होतो : टोळ्या निघून जातात आणि मंजुरी मागून येते, तोवर मूल गेलेलं असतं. दसऱ्याआधी घरोघर यादी करा, कोण जाणार, कोण राहणार, मागे कोण मोठं माणूस आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्यातली एखादी ऊसतोडीला जाणारी आई असेल तर प्रस्तावात काय हवं ते ती जास्त नेमकं सांगेल.

मुलगी गेलीच तर तिच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं कार्ड) द्या आणि पाठ्यपुस्तकंही. कार्ड देऊन मोकळं होऊ नका. तळापासून शाळा तीन-चार किलोमीटरवर असते आणि कार्ड कोपीतल्या पेटीत पडून राहतं. कारखाना कोणता, टोळी कोणत्या गावाच्या शिवारात उतरणार ते मुकादमाकडून विचारून घ्या, जवळच्या शाळेचा नंबर काढा, तिथल्या शिक्षकांशी आधी बोला. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे आईला साध्या शब्दांत सांगून ठेवा. परत आल्यावर तिला खालच्या वर्गात बसवू नका. वयाप्रमाणे वर्ग आणि किमान तीन महिन्यांचं विशेष प्रशिक्षण हा तिचा हक्क आहे.

चौदा ते अठरा या चार वर्षांकडे आतापासूनच लक्ष ठेवा. शिक्षणाचा हक्क चौदाला संपतो, लग्नाचं वय अठराला येतं. मधल्या वर्षांत मुलगी कायद्याच्या दृष्टीने मूलच असते, पण तिला शाळेत ठेवायला कोणी बांधील नसतं. नवरा-बायकोच्या जोडीला पूर्ण कोयत्याची उचल मिळते, त्यामुळे लग्नाची घाईही याच काळात होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या, २० ते २४ वयोगटातल्या मुलींचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं, तुमच्या जिल्ह्यात त्याच्या जवळपास दुप्पट. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) असतात, त्यांच्याशी ओळख ठेवा. तुमची शाळा सोडून गेलेल्या मुलींची सातवीनंतर कोण कुठे आहे अशी एक साधी वही ठेवा आणि दर सहा महिन्यांनी ती भरा.

टोळ्या निघायला आता फार दिवस नाहीत. पहिल्या फेरीच्या बारा मुलाखती त्याआधी व्हायला हव्यात, आणि आईशी पहिलं बोलणं त्याच्याही आधी, तिला उचल मिळायच्या अगोदर. उचल घेतल्यावर तिच्या हातात ठरवायला फारसं काही राहत नाही.